सेकंडहँड आलिशान फोर-बाय-फोर: माझा अनुभव

हॅचबॅकखेरीज दुसरे काही न चालवलेल्या माणसाने नवी असताना साठ लाखांच्या पुढे असलेली अडीच टनांची डिझेल फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी, सतरा लाखांत घ्यावी का, या प्रश्नावर आमच्या घरी एकमत होते, आणि ते माझ्या बाजूचे नव्हते. तरीही गेल्या वर्षी मी पुण्यात २०१४ सालची, ब्याण्णव हजार किलोमीटर चाललेली गाडी घेतली. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येणारे बिघाड कंपनीचे नसून वयाचे आणि हयगयीचे आहेत.

शोध सुरू केला तेव्हा सर्वांत स्वस्त गाड्या दिल्लीकडच्या दिसत होत्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना मनाई केल्यापासून अनेक मालक मुदत जवळ आली की मिळेल त्या भावाने गाडी काढत आले आहेत. मात्र ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स, नवा क्रमांक आणि गाडी आणण्याचा खर्च धरल्यावर माझ्या हिशेबात फारसा फायदा उरला नाही, म्हणून पुण्याच्या एमएच-१२ पासिंगचीच गाडी पाहायची असे ठरवले.

पहिल्या भेटीत बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम होते, म्हणजे मी पोहोचण्यापूर्वीच इंजिन चालवून ठेवलेले होते, आणि रात्रभर उभी राहिल्यावर गाडी कशी बसते ते कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या खेपेला मालकांना विनंती करून मी शनिवारी संध्याकाळी मापपट्टी घेऊन गेलो आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर वहीत लिहून घेतले. रविवारी सकाळी सात वाजता, गाडी कोणी सुरू करण्यापूर्वी, तीच मापे पुन्हा घेतली, तेव्हा मागची डावी बाजू चार सेंटिमीटर खाली बसलेली निघाली. एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगऐवजी गाडी तोलणारी रबरी एअर बॅग कालांतराने चिरते आणि रात्रभर हवा सोडते, व ती उणीव भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालत राहून अखेर तोही जळतो. या चार सेंटिमीटरांच्या जोरावर किंमत सव्वा लाखाने खाली आली. टायरच्या कडेवरचे अंकही पाहिले: ३४२२ म्हणजे २०२२ सालचा चौतिसावा आठवडा. पुढचे दोन टायर असे नवे आणि मागचे दोन पार झिजलेले होते. कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत टायरच्या घेरातला असा फरक मधल्या डिफरन्शियलवर (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांच्या संचावर) ताण आणतो, त्यामुळे चारही टायर एकदम बदलण्याचा खर्च मी पहिल्या दिवसापासूनच धरला होता.

कागदपत्रांत अडकलो ते कर्जाच्या बोजापाशी. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पण आरसीवर बँकेचे नाव तसेच होते. बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ देऊन ते निघेपर्यंत मी दोन लाख रुपये रोखून धरले, ते पाच आठवडे. विम्याचे हस्तांतरण मात्र चौदा दिवसांच्या आत मागायचे असते, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, हे मला एजंटाने नव्हे तर पॉलिसीच्या बारीक अक्षरांनी सांगितले.

पहिल्या वर्षी दोन एअर बॅगा, पुढच्या चाकांच्या लोअर आर्मचे रबरी बुश, बॅटरी आणि टायर यांतच साडेतीन लाख गेले. पण सर्वांत अधिक शिकवले ते जुलैतल्या एका ओढ्याने. ताम्हिणीच्या बाजूला तासभर चढण चढून गाडी थेट गुडघाभर पाण्यात घातली आणि आरामात बाहेर काढली. मी खूश होतो. आठवड्याने फिटरने मागच्या डिफरन्शियलचा ड्रेन प्लग सोडला, तर तेलाऐवजी दुधाळ चहासारखे काहीतरी ट्रेमध्ये पडू लागले. तापलेले डिफरन्शियल थंड पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि ती भरून काढायला ब्रीदरच्या, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या, नळीतून बाहेरची हवा आत यावी लागते. आमच्या गाडीची ती नळी चिखलाने बुजलेली होती, त्यामुळे हवेऐवजी सीलमधून पाणीच ओढले गेले. दोनदा तेल भरून, थोडे चालवून, पुन्हा काढल्यावर तिसऱ्या वेळी तेल स्वच्छ निघाले. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी), पुढचे डिफरन्शियल आणि मागचे डिफरन्शियल अशी पाच तेले या गाडीत असतात, आणि विकणाऱ्याच्या सर्व्हिस बुकात त्यांपैकी एकाचीच नोंद होती. आता प्रत्येक ओढ्यापूर्वी मी दहा मिनिटे थांबून डिफरन्शियल गार होऊ देतो, तेवढ्यात मागे खोळंबलेले मित्र चहाचा थर्मास उघडतात.

टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ जुळवणारा पट्टा) बदलल्याचे बिल जुन्या मालकांकडून अजूनही मिळालेले नाही, म्हणून तो बदललेला नाही असे धरून पुढच्या महिन्यात गाडी गॅरेजला लावणार आहे.