आरसी विकायला काढली आहे

गाडीवरून पडून माझ्याकडं फिजिओथेरपीला येणारे दोन तऱ्हेचे असतात. काही ट्रॅकवर पडलेले, बाकीचे रस्त्यावर पडलेले. पहिले अगदी थोडे. पण कोल्हापूरला रेसिंगचा नाद जुना आहे, इथल्या मोहित्यांच्या गो-कार्ट ट्रॅकवर वाढलेली पोरं पुढं मोटारसायकलकडंही वळतात, त्यामुळं अधूनमधून येतातच. मनगट, कॉलर बोन, क्वचित घोटा. दीड-दोन महिन्यांत हात डोक्यावर जायला लागतो आणि पहिला प्रश्न असतो, "मॅडम, परत कधी बसू गाडीवर?"

रस्त्यावर पडलेल्यांचं तसं नसतं. मांडीचं हाड, नडगी, खुबा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ब्रॅकियल प्लेक्सस, मानेतून हातात उतरणाऱ्या नसांचं जाळं. डोकं एकीकडं फेकलं गेलं आणि खांदा दुसरीकडं दाबला गेला की या नसा ताणतात, तुटतात, कधी मणक्यातून मुळासकट उपटल्या जातात. हात वरून धडधाकट दिसतो. हाड मोडलेलं नसतं, कातडीला फार तर खरचटलेलं असतं. पण हात उचलत नाही. आपल्याकडं ही दुखापत घेऊन येणारे बहुतेक सगळे दुचाकीवालेच असतात. त्यांच्यातला कुणी "परत कधी बसू" विचारत नाही. विचारतात, शर्टाचं बटण लावता येईल का.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे आमच्या रविवारच्या ग्रुपमधली पोरं मला सारखी गाठतात. "ताई, ट्रॅकला जायाला पैसं लागत्यात. त्यापेक्षा गगनबावड्याच्या घाटात प्रॅक्टिस करतो की, फुकट हाय." मी माझी केटीएम आरसी ३९०, रेसिंगच्या धाटणीची मोटारसायकल, दोन्हीकडं चालवते, वर हाडांच्या दवाखान्यात बसते, म्हणून माझं मत मागतात. माझं मत असं की घाट फुकट नाही.

ट्रॅकवर गाडी घसरली की माणूस घसरत जातो. लेदर सूट घासतो, ग्लोव्हच्या तळव्यावरचं प्लास्टिक झिजतं, आणि वेग संपत संपत तो गवतात किंवा खडीत जाऊन थांबतो. उठतो, चिडतो, गाडी उचलायला मार्शल धावत येतात. मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते ती त्यासाठीच. आता हेच घसरणं गगनबावड्याकडं जाणाऱ्या कळे-साळवणच्या रस्त्यावर करून बघा. थांबवायला काय काय उभं आहे: मोरीचा कठडा, किलोमीटरचा दगड, बॅरियरचा लोखंडी खांब, रात्री बंद पडून तसाच सोडलेला ट्रॅक्टर, समोरून येणारी एसटी. माझ्या टेबलावर येतात ते या टणक वस्तूंचे पेशंट. घसरून नुसते सोलवटलेले लोक ड्रेसिंग करून घरी जातात, माझ्यापर्यंत पोचतच नाहीत.

ट्रॅकवर मरण नाही असं मी म्हणत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बेंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा गेला. मागून येणारी गाडी ही तिथली खरी भीती, आणि तिच्यावर कुठलाही सूट पुरा पडत नाही. पण २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतली साधारण ४४ टक्के दुचाकीवर होती. आमच्या आईला मात्र ट्रॅक म्हणजे मरणाचा खेळ वाटतो. मी चेन्नईला निघाले की देवापुढं दिवा लावते. गगनबावड्याला निघाले की सांगते, येताना दही आण.

चेन्नईचा ट्रॅक शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, इरुंगट्टुकोट्टईला. १९९० पासूनचा, ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात, जुनी मंडळी अजून एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. वळणं नंबरानं ओळखायची: सी-वन, सी-टू, असं बारापर्यंत. कोइमतूरला चेट्टीपालयमला करी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा, २००३ सालचा. तो लहान आणि गुंतलेला, कमी ताकदीच्या गाडीला जास्त मजा देणारा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०२३ मध्ये मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली, पण ते आपल्याला लांब, आणि तिथल्या सरळ पट्ट्यावर ३९० सुद्धा सायकल वाटते. कोल्हापूरहून चेन्नई काय, कोइमतूर काय, हजार किलोमीटरच्या आसपासच. पहिल्यांदा मी माझी आरसी ३९० टेम्पोतून पाठवली होती.

ट्रॅकवर नेण्याआधी गाडीचं रस्त्यावरचं सगळं सामान उतरवायचं. आरसे, नंबरप्लेट, साडी गार्ड. हेडलाइट, इंडिकेटर, टेललाइटवर टेप, म्हणजे फुटल्या तर काचा ट्रॅकवर पसरत नाहीत. साइड स्टँड तारेनं बांधायचा. मग तपासणीवाले येऊन चेन हलवून बघतात, ब्रेक पॅड बघतात, टायरवर नख मारतात. या सगळ्यात आरशांनी मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. मागं कोण आहे हे न बघता चालवायचं म्हणजे काय! पण तिथं नियमच असा की पुढं जायची जबाबदारी मागच्याची. पुढच्यानं आपली लाइन धरून चालायचं, इकडंतिकडं करायचं नाही, बस्स. मागचा काळजी घेईल हा विश्वास मला कोल्हापुरात आजवर कुठल्याही चौकात मिळालेला नाही.

सी-वन हे स्टार्टच्या सरळ पट्ट्यानंतरचं उजवं वळण. शिकवणाऱ्यानं आदल्या फेरीत गाड्या थांबवून डांबरातलं एक काळसर ठिगळ दाखवलं. "ब्रेक इथं. भीती वाटेल तिथं नाही, इथं." मग फेरीमागून फेरी तेच ठिगळ, तोच गिअर, तीच दोन बोटं लिव्हरवर. पुढच्या चाकाचा फोर्क दबतो, टायर डांबराला चिकटतो, मग हळूहळू लिव्हर सोडत गाडी आडवी करायची. तालमीत वस्ताद एकच डाव घोटून घेतात तसं हे चाललेलं असतं. काही फेऱ्यांनंतर ठिगळ शोधावं लागत नाही आणि डोळे मोकळे होतात. पुढचं बघायला लागतात. एक सेशन जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं, पण चेन्नईच्या उन्हात सूट उतरवताना आतला टी-शर्ट पिळून काढावा लागतो.

माझ्या धंद्याची एक गोष्ट तिथं फार स्वच्छ दिसली. संध्याकाळी मांड्या दुखत असतील तर तुम्ही बरोबर बसला होता. मनगटं आणि खांदे दुखत असतील तर अंगाचा सगळा भार हँडलवर टाकला होता. गुडघ्यांनी टाकी धरायची, पोट आत घ्यायचं, कोपरं सैल. हँडल घट्ट आवळलं की गाडीला वळायचं असूनही आपणच तिला अडवतो. आरसीवर दोन तास बसून बोटांना मुंग्या येतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आता गोळी-मलमाआधी स्टुलावर बसवून गुडघ्यात उशी धरायला लावते.

इथवर ट्रॅकवरचं सगळं रस्त्यावर चालतं. डोळे लांब ठेवणं, वळणाच्या आधी वेग उतरवणं, हात सैल ठेवणं. यापुढचं चालत नाही, आणि ट्रॅक केलेली पोरं इथंच फसतात. ट्रॅकवर वळण घेताना रुंदीचा कोपरा न कोपरा वापरायचा: बाहेरून आत, आतून परत बाहेर. गगनबावड्याखालच्या करूळ घाटात हे कराल तर? आपण डावीकडून चालतो. उजव्या वळणात गाडी उजवीकडं कलली की टायर मधल्या पट्ट्याच्या अलीकडं असतो आणि डोकं त्याच्या अडीच-तीन फूट पलीकडं. म्हणजे हेल्मेट समोरच्याच्या लेनमध्ये. डाव्या वळणात आतली कड धरावी तर तिथं डोंगरातून आलेली माती आणि बारीक खडी. घाटात आपल्या लेनच्याही निम्मी रुंदीच आपली, ती सुद्धा वळणाचा शेवट दिसेपर्यंत डाव्या बाजूचीच. गाडी ट्रॅकसारखी आडवी करण्याचा प्रश्नच येत नाही.

साधा हिशोब मांडते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी ६० ला, दचकून ब्रेक लावेपर्यंतचा एक सेकंद धरला तर, गाडी थांबायला ३५ मीटरच्या आसपास लागतात. १०० ला ७५ ते ८०. करूळच्या कित्येक वळणांवर पुढचं दिसतं २५ मीटर. म्हणजे ५० ही सुद्धा काठावरची गोष्ट. "ताई, मी हे वळण ७० नं घेतो" असं कुणी सांगतं तेव्हा तो मला गाडी चालवण्याबद्दल काहीच सांगत नसतो. पलीकडं काही उभं नव्हतं, एवढंच सांगत असतो.

आणि उसाचा हंगाम. दिवाळीपासून पुढं चार-पाच महिने आमच्या रस्त्यांवर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर असतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर नाही, टेपचा तुकडासुद्धा नाही. ऊस लोंबकळत असतो. रस्त्यावर वाडं (उसाचे शेंडे) आणि चिरडलेल्या कांड्या पडलेल्या, सकाळच्या दवात त्यांच्यावर टायर केळीच्या सालीवरून जावा तसा जातो. कुठं मळीचा टँकर सांडलेला. हा रस्ता काल वेगळा होता आणि उद्या वेगळा असेल. ट्रॅकवरचं ठिगळ इथं कामाचं नाही.

कायद्याचंही सांगते, कारण पोरांना ते कधीच माहीत नसतं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसरीकडं, गाडीच्या विम्याचा कागद उलगडून बघा. वापराच्या मर्यादांमध्ये आयोजित शर्यत, वेगाची चाचणी असं लिहून ती वगळलेली असतात. म्हणजे ट्रॅकवर गाडी मोडली तर खर्च आपला, हे धरूनच जायचं. फेअरिंग, लिव्हर, फूटपेग, हँडल. एक साधं घसरणं आणि आरसीचा खर्च अंगावर येतो. मग त्याच गाडीनं सोमवारी दवाखान्यात जायचं असतं. एकच गाडी दोन्हीकडं वापरायला लागलं की ट्रॅकवर जीव आखडतो. ती पडू नये म्हणून तुम्ही चालवता, शिकायचं राहून जातं.

म्हणून शेवटी ठरवलं ते असं. ट्रॅकसाठी स्वतःची गाडी ठेवायची नाही. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलसारख्यांचे वर्ग चेन्नईला भरतात, तिथं भाड्याची गाडी मिळते. मुद्दाम पैसे साठवून, दवाखान्याची सुट्टी जुळवून जायचं, वाट्टेल तेवढं पळवायचं आणि रेल्वेनं घरी यायचं. शर्यतीत उतरायचं तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, लायसन्स लागतं. मला शर्यतीत रस नाही, माझं भांडण त्या सी-वनशी आहे.

आणि रस्त्यासाठी? रस्ता मला ट्रॅकपेक्षा जास्त आवडतो, हे तिकडच्या मित्रांना पटत नाही. ट्रॅकवर तुम्ही दिवसभर चालवता आणि कुठंच पोचत नाही. भुईबावड्याचा घाट उतरताना पावसाळ्यात हवा अचानक कोमट आणि ओलसर होते, कोकण लागल्याचं कातडीला आधी कळतं. वैभववाडीत चहा, मग फोंड्याकडून वर, दाजीपूरच्या जंगलातून राधानगरीला. यासाठी आरसीची ४३ बीएचपी ताकद कशाला? आरसीवर वाकून बसलं की पुढचं डांबर आणि स्पीडोमीटर एवढंच दिसतं, आणि तो आकडा दिसला की हात आपोआप पिळतो. मी पाहिलेला एकही माणूस ३९० वर बसून ४० नं चालत नाही. मी पण नाही. माझ्या हातात असलेली गाडी माझा वेग ठरवते, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. त्यामुळं रस्त्याला आता हिरोची एक्सपल्स २००. सरळ बसायचं, रुंद हँडल, खड्ड्यांची पर्वा नाही, आणि घाटात ५० च्या पुढं जायची तिलाच घाई नसते.

आरसी बघायला परवा इचलकरंजीचा एक मुलगा आला होता. त्यानं विचारलं, "किती पळती?" मी म्हटलं, ते चेन्नईला कळेल, इकडं नको. तो हसला, हजार रुपये कमी करा म्हणाला. व्यवहार अजून व्हायचाय. तोपर्यंत कुणाला हवी असेल तर: एकच मालक, टायर बदललेले, साडी गार्ड आणि आरसे कपाटात जपून ठेवलेत. लेदर सूट मात्र देणार नाही. सूट भाड्यानं मिळतो खरं, पण बायकांच्या मापाचा शोधून सापडत नाही, आणि ढिला सूट घसरताना कोपरावरून सरकतो. बूटही स्वतःचेच घ्या, घोटा झाकणारे, रस्त्यालाही तेच चालतात.