कामात आहेस का?

परवा एक जुना नंबर शोधायला फोनमधला कॉल लॉग उघडला आणि स्क्रोल करता करता भलतंच काहीतरी दिसलं. ऑफिसचे कॉल ४२ मिनिटं, ३७ मिनिटं, एक तर चक्क १ तास १० मिनिटं, आणि मधेमधे बाबांचे. ४८ सेकंद. १ मिनिट १२ सेकंद. ३१ सेकंद. नंबर राहिला बाजूला, मी आपली मागे मागे जात नुसते बाबांचेच कॉल बघत बसले, एकही दोन मिनिटांच्या वर गेलेला नव्हता.

त्या ३१ सेकंदांत काय बोलणं झालं असणार तेही मला पाठ आहे. "कामात आहेस का?" "हो बाबा, बोला ना." "नाही, काही नाही गं, सहज केला होता. ठेवतो." झालं. म्हणजे मी कधी "नंतर बोलू" असं म्हटलेलं नाही हां, "बोला ना" असंच म्हणते, पण त्या "बोला ना"चा सूर समोरच्याला बरोबर कळतो. मग लक्षात आलं की घरात सगळेच माझ्याशी बोलायला सुरुवात याच वाक्याने करतात. नवरा, बहीण, सगळे. रविवारी दुपारी मी नुसती खिडकीत बसलेली असले तरी मुलगा दारातूनच विचारतो, आई, कामात आहेस का. आणि खरं सांगायचं तर असतेच.

गंमत म्हणजे माझे कामाचे तास काही भयंकर नाहीत. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा एक अभ्यास आला होता, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के जास्त. ते वाचून मी चक्क हुश्श केलं होतं, कारण आपण ४५ च्या आसपास, म्हणजे आपलं बरं चाललंय. फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदाच आहे की कामाची वेळ संपल्यावर फोन-ईमेलपासून लांब राहण्याच्या हक्काबद्दल मोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांशी बोलणी करायची, तर तसा कायदा आपल्यालाही पाहिजे असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे. मग एक शनिवार-रविवार खरंच फोन बंद करून कपाटात ठेवला. काय झालं? कपडे वाळत घालताना मी मनातल्या मनात एका ईमेलचा तिसरा परिच्छेद लिहीत होते. फोन कपाटात आणि ऑफिस डोक्यात.

याच्यावर थोडं वाचलं. ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये प्रयोग छापले होते, त्यात अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा लोकांच्या जास्त लक्षात राहिली. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तसंच दिसलं असं नाही, पण २०११ च्या एका शोधनिबंधातली गोष्ट मला जास्त कामाची वाटली, की अर्धवट काम संपवायलाच हवं असं नाही, ते कधी आणि कसं करणार हे नीट ठरवून टाकलं तरी ते डोक्यात येऊन त्रास देणं कमी होतं. म्हणून आता निघायच्या आधी दहा मिनिटं कागदावर लिहून काढते, काय राहिलं आणि उद्या आल्या आल्या पहिलं काय उघडायचं. लॅपटॉपवर नाही, कागदावर, कारण लॅपटॉपवर लिहायला बसले की अजून एक मेल दिसतो. याने फरक पडला, निम्मा तरी.

उरलेला निम्मा मात्र कागदाने सुटणारा नव्हता. कारण मला तिथे राहायला आवडतं. हे कबूल करायला मला बराच वेळ लागला. ऑफिसात काम संपतं, टिक करता येते, कुणीतरी "थँक्स, ग्रेट" म्हणतं. बाबांशी बोलणं संपत नाही, तेच तेच फिरून येतं, त्यांचा आवाज आधीपेक्षा बारीक झालाय ते ऐकू येतं, मधे ते थांबतात आणि त्या थांबण्यात काय बोलावं मला सुचत नाही. त्यापेक्षा एक्सेल शीट सोपी. मी कामामुळे घरच्यांना वेळ देऊ शकत नव्हते हे अर्धंच खरं, मी कामाच्या आड लपतही होते.

आणि ते पर्पज, म्हणजे "आयुष्याचा उद्देश शोधा" वगैरे ट्रेनिंगमध्ये गोल काढायला लावतात ना, मी ते दोनदा काढलेत, दोन्ही वेळा सगळ्या गोलांत कामच लिहिलं होतं. मला वाटायचं उद्देश म्हणजे काहीतरी मोठं, एकच, आणि तो पगाराच्या ठिकाणीच सापडणार. (ज्यांना दोन शिफ्ट केल्याशिवाय घर चालवता येत नाही त्यांच्यासमोर हे गोल कोणी ठेवू नयेत, त्यांना आधी झोप द्या.)

परवाच्या बुधवारी बाबांचा फोन आला. "कामात आहेस का?" मी म्हटलं, "हो, आहे. पण ते थांबेल, तुम्ही सांगा." पलीकडे जरा शांतता, बहुतेक त्यांनी तयारीच केली नव्हती. मग पंख्याच्या आवाजावर आले, टक टक येतो, रात्री मोजत बसतात, एका मिनिटात किती वेळा ते पण सांगितलं. मग चष्मा. मग कुणीतरी शाळेतला मित्र, पन्नास वर्षांनी भेटला, त्याला यांचं नाव आठवत होतं आणि यांना त्याचं नाही, तर शेवटपर्यंत "अरे तू" करून वेळ मारून नेली. मी इतकी हसले की बाजूच्या टेबलवरचे बघायला लागले. मी अजून विचारणार होते, पुढे काय झालं म्हणून, तर बाबाच म्हणाले, "बरं ठेवतो आता, मला जरा काम आहे."

१९ मिनिटं ४ सेकंद.