आमची वाटचाल: खाऱ्या वाऱ्यातली घरं

आम्ही समुद्रकाठच्या कातळावर सुट्टीची घरं बांधून देतो. तिथे विजेची लाइन नसते, नळ नसतो, बऱ्याचदा ट्रक जाईल असा रस्ताही नसतो. सुरुवातीला मी आणि माझे भागीदार, दोघंच होतो. ते मूळचे गवंडी. लेसर आला तरी कातळावर ते पारदर्शक नळीत पाणी भरूनच लेव्हल काढत. भर उन्हात लेसरची रेघ दिसत नाही, नळीतलं पाणी दिसतं. नळी भरली की बुडबुडे काढायचे, दोन्ही टोकं शेजारी धरायची आणि पाणी एका रेषेत आल्याशिवाय पहिली खूण करायची नाही. आमच्याकडचा प्रत्येक नवा मुलगा आजही आधी हेच शिकतो.

पहिलं घर एका निवृत्त कॅप्टनसाहेबांचं. छत १०० चौरस मीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला १०० लिटर पाणी. पहिली घाण धार बाहेर सोडून टाकीत किती उतरतं आणि रात्री बॅटरी कितीवर येते, हे सगळं साहेब वहीत लिहून ठेवत. पुढची वर्षं कामं येत गेली, चांगली गेली.

मग एका गिऱ्हाइकाने आमच्याकडून अख्खा आराखडा करून घेतला आणि तो घेऊन एका मोठ्या कंपनीकडे गेला. कंपनीने आमच्यापेक्षा बराच कमी दर दिला. तो कसा परवडला, ते मी सांगतो. घराला रोज ६ युनिट लागणार होते आणि दोन दिवस ढगाळ गेले तरी चालायला हवं होतं, म्हणजे १२ युनिट. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापरायची म्हटली तर १५ युनिटची बॅटरी बँक हवी, आम्ही तीच धरली होती. त्यांनी १२ युनिटच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या बसवल्या. त्या निम्म्याच वापराव्यात, नाहीतर आयुष्य जातं. म्हणजे हातात एकच दिवस. वर सुट्टीचं घर महिनोन्‌महिने बंद राहतं, चार्जिंगवर कोणाचं लक्ष नसतं आणि अर्धवट चार्जवर पडून राहिलेल्या लेड-ॲसिडच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. छताला ३१६ या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू धरले होते, ते काढून ३०४ या हलक्या प्रतीचे लावले. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, मिठापुढे तेच टिकवतं.

आणि बाजारात काय पसरवलं, तर आम्ही लोकांना लुबाडतो! ठरलेली कामं फिरली. कारागिरांचे पगार द्यायला भागीदारांनी स्वतःची गाडी विकली. फर्म बंद करायचं बोलणं झालं होतं, त्या वेळी कॅप्टनसाहेबांनी आपलं घर उघडं केलं. येईल त्या गिऱ्हाइकाला ते वही दाखवत, पंप चालू करून दाखवत, शिडी लावून वळचणीखालचे स्क्रू दाखवत. वळचणीखालचेच, कारण उघड्यावरचं मीठ पावसाने धुऊन जातं, आडोशाचं साचत राहतं आणि गंज तिथेच आधी धरतो. त्या एका शिडीने आम्हाला कामं परत मिळवून दिली.

घर बांधणार असाल तर एक ऐका. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखायला जाऊ नका, दोन्हींना तो सहसा चिकटत नाही. स्टील बनवणाऱ्या मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. ॲल्युमिनियमची फ्रेम स्टीलच्या ब्रॅकेटला थेट टेकवू देऊ नका, मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तेव्हा सोलर पॅनेलचे अँकर कातळात किती खोल जाणार ते नकाशावर लिहून घ्या.

ते गिऱ्हाईक शेवटी आमच्याकडेच आलं. सगळी बँक बदलली, छताचे स्क्रूही बदलले. ते पैसे चोख मिळाले, पण मूळ आराखड्याचे अजून आलेले नाहीत. त्या कंपनीच्या माहितीपत्रकावर आजही फोटो कॅप्टनसाहेबांच्या घराचा आहे. काढून टाका म्हणून पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही.