फिरव गो पाणी

रविवारी दुपारी अडीचच्या सुमाराला वाळत घातलेले पापड उलटायला मागच्या पडवीत गेले, तर झोपाळ्यावर आमच्या धाकट्या जावेचा मुलगा बसल्या बसल्या झोपलेला. बारावीला आहे. मांडीवर जीवशास्त्राचं पुस्तक, हातात पिवळं हायलायटर, टोपण खाली कोंबडीच्या पायाशी. पानावरची पिवळी रेघ सुरुवातीला अगदी शहाण्यासारखी ओळीवरून निघाली होती. मग ती उतरणीला लागली, समास ओलांडला, पान सोडलं आणि त्याच्या अंगठ्यावर येऊन संपली. माणसाला नेमकी कधी झोप लागली याचा इतका चोख पुरावा मी पहिल्यांदाच पाहिला.

टोपण उचलून लावायला गेले तर एक डोळा उघडून म्हणाला, "काकू, झोपलो नव्हतो. डोळे मिटून रिव्हिजन करत होतो." आणि परत रिव्हिजन करायला लागला.

मी त्याला बोलणार तरी काय? आदल्या रात्री मीही तेच केलं होतं. शेचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलंय. पतपेढीतून सहाला घरी, मग भाकऱ्या, आमटी, भांडी, सासूबाईंच्या गोळ्या, आणि साडेनऊला माझं पुस्तक उघडतं. त्यात 'अवधान' नावाचं एक प्रकरण आहे. मन एका गोष्टीवर कसं टिकून राहतं, याची त्यात चर्चा आहे. हे प्रकरण मी आतापर्यंत चार वेळा सुरू केलं. चारही वेळा पहिल्याच पानावर झोप लागली.

आमच्या लहानपणी झोप हा अभ्यासाचा शत्रू नंबर एक होता आणि त्याच्याशी लढायचे उपाय ठरलेले होते. डोळ्यांना गार पाणी लाव. उभी राहून वाच. मोठ्याने वाच. आणि शेवटचं अस्त्र, शेंडी खुंटीला बांधून अभ्यास करणाऱ्या कुठल्याशा विद्वानाची गोष्ट. डुलकी आली की शेंडीला हिसका बसायचा म्हणे. ही गोष्ट ऐकून मी सातवीत एकदा वेणीची लाल रिबीन खिडकीच्या गजाला बांधली होती. काय झालं? हिसका वगैरे काही बसला नाही. रिबीन ताणली की डोकं मागे गजाला मस्त टेकायचं. असा आधार मिळाल्यावर मी जी झोपले ती थेट आत्याने उठवेपर्यंत. मान दोन दिवस वाकडी. तेव्हापासून त्या विद्वानाबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

महर्षी कर्व्यांची गोष्ट मात्र मला कायम खरी वाटत आली, कारण ती आमच्या बाजूची आहे. दापोलीजवळच्या मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी चालत साताऱ्याला गेला. भर पावसात, घाट चढून, शंभराहून अधिक मैल. आणि तिथल्या लोकांनी त्याच्याकडे बघून सांगितलं, तू वयाने लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही. शाळेत ही गोष्ट चिकाटी शिकवायला सांगायचे. मला दर वेळी वेगळीच शंका यायची. इतकं चालून गेल्यावर, त्याला बसू दिलं असतं तरी त्याला काही आठवलं असतं का? बाईंना विचारलं होतं. बाईंनी बाकावर उभं केलं. बाकी आता वाटतं, आठवलंही असतं. पाय थकणं वेगळं आणि डोकं थकणं वेगळं.

हे मला कळायला हवं होतं, कारण आमच्या घरी पहाटे चारला पंप लागायचा.

गुहागरला ज्यांच्या वाड्या आहेत त्यांना सांगायला नको. रस्त्याला लागून घर, घरामागे वाडी, ती पार समुद्रापर्यंत गेलेली, पोफळी, माड, मधून मधून केळी. संध्याकाळी व्होल्टेज इतकं कमी असायचं की बल्बची तार नुसती तांबूस दिसायची. त्यावर कसली मोटर चालणार! पहाटे सगळं गाव झोपलेलं असलं की वीज सशक्त व्हायची. म्हणून शिंपणं पहाटे. मोटर मध्येच बंद पडून जळेल या धास्तीने बाबा विहिरीपाशी उभे. पाणी फिरवायला मी. एक आळं भरलं की पाटाच्या तोंडाशी मातीचा बांध घालायचा, पुढच्या आळ्याचं तोंड मोकळं करायचं, आणि परत पडवीत येऊन बल्बखाली बसायचं. "उठलीच आहेस तर वाच चार ओळी," हे आईचं.

चार ओळी वाचाव्यात तेवढ्यात अंधारातून हाक यायची, "फिरव गो पाणी!" पुस्तक पालथं घालून उठायचं. चिखलात पाय, हातात खोरं, माडाच्या झावळांतून समुद्राची गाज. जाता-येता तोंडाने मघाचंच चालू. पानिपतची कारणं. पहिलं पोफळीपर्यंत पाठ असायचं, दुसरं केळीपर्यंत, तिसरं केळी ओलांडली की गायब. येताना शोधत यायचं, सापडलं नाही की पडवीत आल्या आल्या पुस्तक उलटून बघायचं, हात तसेच चिखलाचे. त्या इतिहासाच्या पुस्तकाच्या पानापानावर माझे अंगठे होते. बाबांचा अंदाज मात्र अगदी वाईट. बऱ्याचदा मी जाऊन बघावं तर आळं अर्धंसुद्धा भरलेलं नसायचं. मी चिडायचे, तिथून ओरडून सांगायचे. ते म्हणायचे, "बरं, बरं."

मार्चमध्ये यात शिमग्याची भर. दहावीला भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्री पालखी आमच्या वाडीत होती. रात्रभर ढोल. पायथागोरस आणि ढोल माझ्या डोक्यात असे एकत्र बसले की अजूनही काटकोन त्रिकोण दिसला की तो तालात दिसतो. मार्क? पास झाले, पुढचं विचारू नका.

गंमत म्हणजे त्या चिखलातल्या फेऱ्यांना शास्त्राचा आधार आहे, हे मला या वयात कळलं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना एकच उतारा चार वेळा वाचायला दिला. काहींना एकदाच दिला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांच्या ध्यानात सुमारे ४० टक्के, आठवून लिहिणाऱ्यांच्या ६१ टक्के. आणि आपल्याला छान येतंय असा भरवसा जास्त कुणाला? चार वेळा वाचणाऱ्यांना. हे वाचून मला आमच्या झोपाळ्यावरची पिवळी रेघ आठवली. थकलेला माणूस वाचतच बसतो, कारण वाचायला काही लागत नाही. ओळी नुसत्या डोळ्यांखालून जातात, हात रेघा मारतो, आणि अभ्यास झाल्यासारखं वाटतं. पुस्तक मिटून 'सांग बघू' म्हटलं की खरं बाहेर येतं, आणि ते कुणाला आवडतं? हायलायटरवर माझा राग आहे तो यासाठी. एरवी वस्तू चांगली आहे, वाणसामानाच्या यादीला वापरावी.

झोपेचंही तसंच. १९२४ साली दोघा विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावून कधी झोपवलं, कधी जागं ठेवलं, आणि झोपून उठल्यावरच त्यांना जास्त आठवलं. म्हणजे इतकी वर्षं ज्याच्याशी लढत होतो तो आपल्याच पक्षातला निघाला. दुपारची सुस्तीही भाताची नव्हेच म्हणे. जेवा, न जेवा, शरीराचं घड्याळच त्या वेळी थोडं उतरतं. कोकणातली दुकानं एक ते चार बंद असतात म्हणून हसणाऱ्या पुणेकरांना हे कुणीतरी कळवा. (पुणेकरांनी हसावं, हा आणखी एक विनोद.) फक्त ही झोप पंधरा-वीस मिनिटांची हवी. तास झाला की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि मग डोकं पाट्यासारखं जड. आणखी एक युक्ती वाचली. आधी चहा प्यायचा आणि लगेच आडवं व्हायचं. चहाचा परिणाम व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर झोप होते आणि दोन्ही एकदमच उठवतात. सासूबाईंना सांगितलं. "चहा पिऊन झोपायचं? मग उठल्यावर काय प्यायचं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

तर परवा रात्री ठरवलं, पुस्तक मिटायचं आणि चालायचं. अवधानाची लक्षणं घोकत मागच्या दाराने निघाले, विहिरीपर्यंत जाऊन परत. पहिलं लक्षण नीट गेलं. दुसऱ्याला कुत्रा मागे लागला. तिसरं आठवेना म्हणून विहिरीच्या कठड्याला टेकून उभी राहिले. आता सगळीकडे ठिबक आहे, माहेरीसुद्धा. नळ्यांतून थेंब थेंब पडत असतात, पाणी फिरवायला कुणी लागत नाही. अंधार होता. पोफळींची आळी कुठे दिसतात का म्हणून मी सहज बघितलं. एकही दिसत नव्हतं.

मागे वळले तर घर दिसलं. पडवीतला बल्ब, त्याखालची माझी रिकामी खुर्ची, टेबलावरचं पुस्तक, सगळं लख्ख.

विहिरीपाशी उभ्या असलेल्या माणसाला आळं दिसतच नाही. भरलंय की नाही, त्याला काय कळणार? त्याला दिसते ती पडवी. तिथे कुणी डुलकी घेत असेल, तर तेवढं दिसतं.