खरी आहे का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. एरवी या प्रश्नाला मी हल्ली "बघू" एवढंच म्हणतो.

व्हॉट्सअॅपवर चार फोटो येतात. समोरून, बाजूने, चाकाजवळून, आणि एक बॉनेट उघडून. खाली ओळ असते, "१९७० शेव्हेल एसएस ४५४, एलएस६ म्हणतोय. खरी आहे का हो?" (शेव्हेल ही शेव्हर्लेची जुनी अमेरिकन गाडी, एसएस तिचं वेगवान रूप, ४५४ हे इंजिनाचे घनइंच, आणि एलएस६ त्यातलं सगळ्यांत ताकदवान इंजिन.) उत्तर हो किंवा नाही असंच हवं असतं, आणि तेही लिलाव बंद व्हायच्या आत. चकचकीत लाल रंगावरून मी काय सांगणार? रंग कालचा आहे, एवढंच सांगता येतं.

खरी म्हणजे काय, हे या गाड्यांच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून घोळाचं आहे. पाँटियाकच्या जीटीओची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, पण तिचा हा भाग कुणी लक्षात घेत नाही. जीएमने, म्हणजे पाँटियाक आणि शेव्हर्ले दोन्हींच्या मालक कंपनीने, मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन घालायला बंदी केली होती. पाँटियाकवाल्यांनी १९६४मध्ये ३८९चं इंजिन घातलंच, पण नवं मॉडेल म्हणून नव्हे, टेम्पेस्ट लमाँ या साध्या गाडीवरचा एक पर्याय म्हणून. ३२,४५० गाड्या गेल्या आणि वरच्यांची तोंडं बंद झाली. पण पर्याय म्हणजे काय, तर ऑर्डरच्या कागदावरची एक खूण. ती गाडीच्या नंबरात, म्हणजे चेसिस नंबरात, उतरली नाही. १९६४ आणि ६५च्या जीटीओचा नंबर साध्या लमाँसारखाच असतो, ६५चा तर दोघींचा २३७ने सुरू होतो. १९६६पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली, नंबर २४२ झाला, आणि तिथून पुढची काही वर्षं तरी डोक्याचा ताप गेला. म्हणजे वरिष्ठांना चकवायला केलेली युक्ती साठ वर्षांनी गिऱ्हाइकाला चकवायला कामी येतेय.

शेव्हर्लेने उलटा प्रवास केला. १९६६ ते ६८ची एसएस ३९६ असेल तर नंबर १३८ने सुरू होतो, म्हणजे नंबरपट्टी वाचली तरी पुरे. १९६९मध्ये एसएस पर्याय झाली, आणि १९७०ची एसएस ४५४ आणि शेजारच्या काकूंची ३०७ इंजिनाची साधी शेव्हेल मालिबू, दोघींचा नंबर १३६३७. (१३५ दिसलं तर गाडी सहा सिलिंडरची जन्मली, विषय तिथेच संपला. सम आकडा व्ही८, विषम आकडा सहा सिलिंडर.)

बाकीच्यांकडे निदान दाद मागायला जागा आहे. क्रायस्लरच्या १९७०च्या गाड्यांत नंबरातलं पाचवं अक्षरच इंजिन सांगतं: आर असेल तर ४२६ हेमी, व्ही असेल तर तीन कार्ब्युरेटरचं ४४०. फोर्डचा १९६७पासूनचा कारखान्याचा डेटा मार्टी रिपोर्टच्या रूपाने विकत मिळतो. पाँटियाकची कारखान्याची बिलं पीएचएस नावाच्या संस्थेकडे आहेत. शेव्हर्लेची गाडी कॅनडात विकली गेली असेल तर जीएम कॅनडा कागद देते. अमेरिकेत विकलेल्या १९७०च्या शेव्हेलबद्दल विचाराल, तर तिची कुंडली तिच्या अंगावरच शोधावी लागते.

आणि खोटी बनवायला लागतं काय? घुमटाचं बॉनेट, काळी जाळी, पट्टे, बिल्ले, मागच्या बंपरमधली काळी पट्टी, गोल मीटरचा डॅश, १४ बाय ७ची चाकं, मागे १२ बोल्टचा अॅक्सल. सगळं कॅटलॉगमध्ये नवंकोरं मिळतं. ६९च्या कॅमॅरोचा तर पत्र्याचा अख्खा सांगाडा नवा मिळतो. मग मालिबूची एसएस करायला एक हिवाळा पुरतो. एलएस६ इंजिनं शेव्हेल आणि तिचंच उघड्या हौद्याचं रूप एल कॅमिनो मिळून ४,४७५ गाड्यांत बसवली गेली होती, आणि तीही फक्त १९७०मध्ये. त्याच वर्षी जीएमने मध्यम गाड्यांवरची, तोवर ४०० घनइंचांपर्यंत वाढलेली मर्यादा उठवली होती. पुढच्या वर्षी शिशाविना पेट्रोल येणार म्हणून कॉम्प्रेशन उतरवलं. मधल्या या एकाच वर्षात ४५० अश्वशक्ती, ११.२५ कॉम्प्रेशन. किंमत त्या वर्षाची आहे.

आता ती लाल गाडी. हिच्यामुळेच मी "बघू" म्हणायला लागलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मालक आपलेच, ओहायोत राहणारे, घेऊन दोन वर्षं झालेली. विकायच्या आधी एकदा तपासून द्या म्हणाले. कपाळपट्टीवरची, म्हणजे फायरवॉलवरची पत्र्याची पाटी ०४ए सांगत होती: एप्रिलचा पहिला आठवडा. गाडीच्या नंबरात के, म्हणजे कॅन्सस सिटीचा कारखाना. डॅशवरच्या नंबरपट्टीचे रिव्हेट फुलाच्या आकाराचे, न छेडलेले. हीटरचं खोकं काढून मागच्या पत्र्यावरचा लपलेला नंबर पाहिला, जुळला. रंग जाडीमापकाने मोजला. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. छतावर अडीचशे, म्हणजे एकदा पुन्हा रंगवलेली. मागच्या चाकामागे हजाराच्या वर, म्हणजे पुट्टी. शेव्हेल तिथे सडतेच, त्याचं काही नाही.

मग इंजिन. ड्रायव्हरच्या उलट्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढे इंजिनाच्या ब्लॉकची दोन बोटं रुंद सपाट जागा असते. तिला पॅड म्हणतात. आल्टरनेटरचा ब्रॅकेट आड येतो, तो सोडवावा लागतो. तिथे तारेचा ब्रश किंवा पॉलिशपेपर कधीही लावू नये, पुरावाच घासून जातो. मऊ फडकं आणि थिनर, बस्स. पुसल्यावर अक्षरं वर आली: टी०३२३सीआरव्ही. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडाचा इंजिन कारखाना, ०३२३ म्हणजे जुळणीची तारीख २३ मार्च, सीआरव्ही म्हणजे एलएस६, हाताचा गियर. शेजारी गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग. मालकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मला दिसत होतं.

पण टॉर्च आडवा धरून पाहिलं, तेव्हा पॅडवर रेघा नव्हत्या. कारखान्यात ब्लॉकचा वरचा भाग एका सपाट्यात तासतात, त्याच्या बारीक सरळ रेघा पुढून मागे जातात आणि ठसा त्यांच्यावर उठतो. इथे गोल फिरलेल्या पात्याचे वळसे होते. ते एकवेळ समजू शकतं, इंजिन खोलून तासलं असेल. पण मग ठसाही तासला जायला हवा होता, तो तर ठणठणीत होता. आणखी एक. इंजिनाचा ठसा टोनावांडात उठतो आणि गाडीचा नंबर उठतो गाडीच्या कारखान्यात. दोन गावं, दोन हात, वेगळी अवजारं. इथे दोन्ही ओळींतले शून्य एका आईची लेकरं वाटावीत इतके सारखे होते.

तरी मी बोललो नाही. गाडी वर घेतली. ब्लॉकच्या मागच्या भागात ओतकामाची तारीख असते, फुगीर अक्षरांत. ही जागा गाडीत इंजिन असताना नीट दिसत नाही, म्हणून ठसेबहाद्दर तिला बहुधा विसरतात. आरसा घातला. ओतकाम क्रमांक ३९६३५१२, बरोबर, ४५४चाच. तारीख: एच १९ ०. ए म्हणजे जानेवारी, एच म्हणजे ऑगस्ट. १९ ऑगस्ट १९७०.

ब्लॉक ऑगस्टात ओतलेला, आणि जुळणीचा ठसा मार्चचा. जन्माआधी पाच महिने बारसं.

"म्हणजे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "खोटी आहे." चार अक्षरं चुकली नसतील, पण ती कुणाबद्दल बोललो, ते मी सांगितलं नाही. इंजिन खोटं म्हणायचं होतं, त्यांनी गाडी ऐकली. खरं सांगायचं तर तेव्हा मीही तो फरक करत नव्हतो. नंबर जुळत नाही तर गाडी नाही, असं मी ठणकावून सांगायचो. बिचारे खुर्चीवर बसले. बराच वेळ बसून होते.

मागचा सडलेला पत्रा बदलायचा म्हणून पुढच्या महिन्यात त्यांनी टाकी उतरवली. पेट्रोल काढलं, दोन पट्टे सोडवले, टाकी खाली आली, आणि तिच्या पाठीवर चिकटलेला एक तपकिरी कागद. बिल्ड शीट. कारखान्यात कोणता भाग लावायचा हे कामगारांना कळावं म्हणून गाडीबरोबर फिरायचं ते, आणि मग कुणीतरी टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगमध्ये कोंबायचं. आपल्या भाषेत गाडीचा सातबारा. हल्ली हेही खोटे छापतात, चहाच्या पाण्यात बुडवून जुने करतात, म्हणून मी पुन्हा गेलो. कागदावर गंजाचे पट्टे होते आणि टाकीवरच्या उंचवट्यांशी ते पट्टा न् पट्टा जुळत होते. गाडीचा नंबर तोच. अॅक्सलचा कोड नळीवरच्या ठशाशी जुळला, गियरबॉक्स एम२२. इंजिनाच्या चौकटीत सीआरव्ही.

गाडी खरी होती. एलएस६ म्हणूनच जन्मली होती. तिचं पहिलं इंजिन कधीतरी गेलं, दुसरं आलं, आणि पुढच्या कुणीतरी ते झाकायला पॅड तासून खोटा ठसा मारला. दुसरा ब्लॉक कदाचित वॉरंटीतच मिळालेला असेल. तसा असता तर त्याच्यावर सीई आणि मग आकडे असे ठसे असते, आणि ती गाडीच्या चरित्रातली प्रामाणिक नोंद ठरली असती. तासणाऱ्याने तीही पुसली. खऱ्या गाडीला खोटं ठरवण्याचं काम त्या ठशाने केलं, आणि मी त्याला हातभार लावला.

यावर मला ऐकवतात, "म्हणजे नंबर जुळण्याचं एवढं काही नसतं तर!" असतं हो. बाजार त्याचेच पैसे मोजतो आणि बाजार वेडा नाही. जुळत्या नंबरांना किंमत नसती, तर खोटा ठसा मारायचे कष्ट कुणी घेतले असते?

पण दुसरी बाजूही खरी. ही गाडी सिग्नलवर शेजारच्याला हरवायला विकली गेली होती. एम२२ चुकीच्या गियरमध्ये पडला की इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं, आणि मग कनेक्टिंग रॉड ब्लॉकमधून बाहेर येतो. जी गाडी जाहिरातीत सांगितल्यासारखी चालवली गेली, तिचं इंजिन टिकण्याची शक्यता कमी. मूळ इंजिन शाबूत असलेली गाडी म्हणजे पुष्कळदा जपून चालवलेली, किंवा न चालवलेली. आणि मूळ इंजिन असलेलेही ते वापरतात कुठे? ११.२५ कॉम्प्रेशनला आजचं ९१-९३ ऑक्टेनचं पंपावरचं पेट्रोल पुरत नाही, चढावर खडखड ऐकू येते. कॅमशाफ्ट जुन्या पद्धतीचा, सपाट टॅपेटचा. आजच्या साध्या तेलात जस्त कमी, कॅमचे उंचवटे झिजतात. नवा कॅम घातला तर पहिली वीस-तीस मिनिटं दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर सलग चालवायचा, आयडलवर सोडायचा नाही. सोडलात तर तिथेच संपला. म्हणून शहाणे लोक मूळ इंजिन काढून गराजच्या कोपऱ्यात स्टँडवर ठेवतात आणि गाडीत दुसरं घालतात. विकताना दोन्ही देतात. मग रस्त्यावर धावते ती खरी, की कोपऱ्यात झाकून ठेवलेली? मला विचारू नका.

तेव्हा फोटो पाठवायचे तर हे पाठवा: पॅड, पुसून, उजेड बाजूने टाकून. ब्लॉकच्या मागची तारीख, आरशातून का होईना. फायरवॉलवरची पाटी. अॅक्सलच्या नळीवरचा ठसा. ओतकाम आधी, जुळणी नंतर, गाडी त्याच्याही नंतर, या क्रमाने तारखा लागल्या तर बोलू. कागद असेल तर दोन्ही बाजू, आणि तो सापडला कुठे, तेही. लाल रंगाचे फोटो नकोत.

ओहायोची गाडी अजून विकलेली नाही. जाहिरातीत "मूळ एलएस६, बिल्ड शीटसह, इंजिन नंतरचं" एवढं लिहायला ते तयार आहेत. "पॅडवरचा ठसा खोटा" हे लिहायला नाहीत. मी म्हणतो, मग तो घासून टाका, पॅड कोरा ठेवा. ते म्हणतात, घासला तर लोक म्हणतील काहीतरी लपवलंय. यात ते चुकतायत असं मला सिद्ध करता आलेलं नाही.