मणिभवन आणि रेवाशंकरभाई

आज बऱ्याच वर्षांनी गावदेवीच्या लॅबर्नम रस्त्यावरील मणिभवनात गेले. तिथे येणारा प्रत्येक जण गांधीजींना भेटायला येतो आणि ते योग्यच आहे. पण आज माझे मन गुंतले ते घराचे मालक रेवाशंकर जगजीवन झवेरी यांच्यात. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की या जवाहिऱ्याच्या घरी उतरत. इंग्रज सरकारची सतत नजर असलेल्या माणसासाठी, पेढी आणि प्रतिष्ठा पणाला लावून इतकी वर्षे दार उघडे ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे.

दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गादी, बैठे मेज आणि चरखे आहेत. सुताच्या शोधात असताना गांधीजींना पेळू, म्हणजे सूत कातण्यासाठी पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, मिळेनात, तेव्हा झवेरींच्या बंगल्यावरून रोज जाणाऱ्या, गाद्यांसाठी कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्यालाच त्यांनी विचारले. त्याने भाव चढा सांगितला आणि गांधीजींनी तो दिला, असे त्यांनीच आत्मकथेत लिहिले आहे. खादीच्या इतिहासात त्या पिंजाऱ्याचे नाव नाही, याची मला फार हळहळ वाटते.

४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे पोलिसांनी गांधीजींना इथूनच, गच्चीवरच्या तंबूतून अटक करून नेले. पुढे १९५५ मध्ये ही वास्तू गांधी स्मारक निधीकडे आली. तळमजल्यावर मोठे ग्रंथालय आहे. गिरगाव, ग्रँट रोड परिसरातल्या पालकांनी मुलांना तिथे जरूर न्यावे, आणि गांधीजींबरोबर त्यांच्या या यजमानाचीही ओळख करून द्यावी.