कडबनवाडीच्या माळावर चंडोल ओळखताना

फेब्रुवारीतल्या एका रविवारी अंधारातच पुणं सोडलं आणि सातच्या सुमारास इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर पोचलो. गवत वाळून भुरं झालेलं आणि पक्षीही नेमके त्याच रंगाचे.

पहिलाच तुरेवाला चंडोल ढेकळावर बसला होता. तुरा लांब बघून मित्र म्हणाला, "मलबारी!" म्हणजे मलबारी चंडोल, हाही तुरेवालाच. तुऱ्यावर जाऊ नका. पक्षी तो लहर लागेल तसा उभारतो नि पाडतो. छाती बघा. याच्या छातीवर बारीक, मोजक्या रेघा होत्या, त्याही वरच्या भागातच. खाली सगळं फिकट तांबूस. म्हणजे साइक्सचा चंडोल. कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांचा अभ्यास करून १८३२ मध्ये याचं शास्त्रीय वर्णन केलं. मलबारी अंगाने मोठा, चोच दणकट, छातीवर ठसठशीत रेघा आणि पोट पांढरट. तो सह्याद्री-कोकणातला, इतक्या कोरड्या माळावर 'दिसला' तर पुन्हा दुर्बीण लावा. घाटाला लागून असलेल्या पूर्वेकडच्या पट्ट्यात मात्र दोघंही भेटू शकतात. तिथे फोटोशिवाय नाव लिहू नये, असं माझं मत.

मी स्वतः फसलो ते डोंबारी या चंडोलाच्या मादीपाशी. नर पोटाखाली काळा, हवेत कोलांट्या मारल्यासारखा वरखाली उडणारा. तो चुकत नाही. मादी साधी भुरी. तिला मी वहीत आखूडबोट्या चंडोल लिहून टाकलं. घरी फोटोत चिमणीसारखी जाड, बुटकी चोच दिसली आणि खाडाखोड झाली. आखूडबोट्या हिवाळी पाहुणा, थव्याने फिरतो आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बहुधा गडद ठिपका असतो.

बसलेला पक्षी कळत नसेल तर उडण्याची वाट बघा. तांबूस शेपटीच्या टोकाला काळा पट्टा असेल तर तांबूस-शेपटी चंडोल. पंखात विटकरी रंग चमकला तर झुडपी चंडोल. तो गात वर जातो आणि पाय लोंबकळत सोडून अलगद खाली येतो.

नऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, रेघा दिसेनाशा होतात. ऊन पाठीशी ठेवा, गाडीतूनच बघा. घरटी जमिनीवर, गवताच्या बुंध्याशी असतात, त्यामुळे वाट सोडून चालू नका. वनविभागाचे प्रवेशाचे नियम निघण्याआधीच बघून घ्या. आणि लोकरी मोजे घालू नका. माझ्या मोज्यांतली कुसळं परतीच्या अख्ख्या वाटेत वेचून संपली नाहीत.